पासपोर्ट सारखाच, प्रवासाचे हक्क मात्र वेगळे

- प्रतिनिधी

मुलगी उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेली, की वर्ष उलटायच्या आत घरात एक बेत शिजू लागतो. मे महिन्यात आई-बाबांनी तिच्याकडे जायचे, जमल्यास काका-काकूंनाही सोबत घ्यायचे आणि तिलाच मार्गदर्शक करून स्वित्झर्लंड, पॅरिस, व्हेनिस पाहून यायचे. इंग्लंडमध्ये शिकणारा तिचा महाविद्यालयातील मित्रही मधेच चार दिवस येऊन मिळणार असतो. साऱ्यांच्या हाती भारताचाच निळा पासपोर्ट असल्याने साऱ्यांचा प्रवासही एकाच नियमाने होईल, असे या बेतात गृहीत धरलेले असते.

नेमके तेच गृहीतक चुकीचे आहे. युरोपात प्रवासाचा हक्क केवळ पासपोर्टवर ठरत नाही. त्या पासपोर्टसोबत कोणता परवाना वा व्हिसा आहे, यावर तो ठरतो. एकाच डब्यात शेजारी बसलेल्या मुलीला, आईला आणि मित्राला तीन वेगळे नियम लागू असू शकतात. हा फरक आधी समजून घेतला नाही, तर आयुष्यभराच्या बचतीतून आखलेली सहल अर्ध्यावर थांबू शकते. प्रसंगी विद्यार्थ्याला शिक्षणाच्या ठिकाणी परतणेही कठीण होऊन बसते. जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये चीनला मागे टाकून भारत तेथे पहिल्या क्रमांकावर आला आहे. त्यामुळे हा प्रश्न आता मोजक्या घरांपुरता उरलेला नाही.

दोन दिनदर्शिकांचा मेळ

पहिली अडचण नियमांची नसून सुटीची आहे. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत ही सत्रे महिनाभर आधी सुरू होतात. मात्र सत्र म्हणजे पूर्ण सहा महिने तासिका नव्हेत. साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आणि जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ तासिकाविरहित असतो. याखेरीज नाताळच्या सुमारास सुमारे दोन आठवडे विद्यापीठ बंद असते.

आता आपल्याकडील दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहा. आपली मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत येते. धाकट्या भावंडांच्या शाळेमुळे कुटुंबाला तेव्हाच निघणे सोयीचे असते. जर्मनीत मात्र तेव्हा उन्हाळी सत्राच्या तासिका ऐन भरात असतात. दिवाळी येते ती हिवाळी सत्र नुकतेच सुरू झालेले असताना. म्हणूनच पहिल्या वर्षी दिवाळीला घरी येण्याचा हट्ट विद्यार्थ्याला महागात पडू शकतो. याउलट गणेशोत्सव बहुधा तासिकाविरहित काळात येतो. घरच्या गणपतीला येणे त्यामुळे अधिक शक्य असते, फक्त परीक्षांचे वेळापत्रक आधी पाहावे लागते.

तासिकाविरहित काळ म्हणजे सुटी, हा समजही तपासून घ्यावा लागतो. अनेक अभ्यासक्रमांच्या लेखी परीक्षा, प्रकल्प अहवाल आणि दीर्घ निबंध याच काळात येतात. शिवाय कमाईचा काळही हाच. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. त्याआधी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. तासिका नसतात तेव्हा पूर्ण दिवस काम करून पुढील महिन्यांची तजवीज करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. पालकांसाठी काढलेले तीन आठवडे म्हणजे त्यांच्या दृष्टीने तीन आठवड्यांची बुडालेली कमाई असते, आणि ती बाब मुले सहसा बोलून दाखवत नाहीत.

मे-जूनमध्येच जायचे असेल, तरी मार्ग निघतो. या दोन महिन्यांत जर्मनीत सार्वजनिक सुट्या बऱ्याच येतात. १ मे हा कामगार दिन असतो. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी आणि पेंटेकॉस्टची सुटी नेहमी सोमवारी येते. बव्हेरिया, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया यांसारख्या राज्यांत आणखी एका गुरुवारी 'फ्रोनलाइखनाम' या सणाची सुटी असते. गुरुवारच्या सुटीनंतरच्या शुक्रवारला जर्मन लोक 'पुलाचा दिवस' म्हणतात आणि रजा टाकून चार दिवसांची सलग सुटी साधतात. पेंटेकॉस्टच्या सुमारास काही विद्यापीठांत आठवडाभर तासिका नसतात. लांबचे प्रवास अशा दिवसांत बसवावेत, मधल्या काळात पालकांनी विद्यापीठाच्या शहरात मुक्काम ठेवून आसपासचा प्रदेश पाहावा, हा व्यवहार्य तोडगा होय.

एका कुटुंबाचे तीन गट

ज्या करारामुळे हा प्रवास शक्य होतो, तो १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी झाला. प्रारंभी त्यात पाच देश होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी सामील झाला, तर रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे त्यात आले. आता ही संख्या २९ आहे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. युरोपीय संघ आणि शेंगेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोहोंतही नाही.

पहिला गट विद्यार्थ्याचा. जर्मनीचा वैध निवास परवाना, म्हणजे ते प्लास्टिकचे कार्ड, आणि पासपोर्ट सोबत असेल, तर त्याला अन्य शेंगेन देशांत वेगळ्या व्हिसाविना जाता येते. मर्यादा एकच : कोणत्याही १८० दिवसांत अन्य देशांतील वास्तव्य ९० दिवसांपेक्षा अधिक नसावे. जर्मनीतील वास्तव्य या हिशेबात धरले जात नाही. कार्ड मिळण्यापूर्वी पासपोर्टवर असलेला दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसाही हाच हक्क देतो. नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या मित्राला तेथील निवास परवान्यावर हीच सवलत मिळते.

दुसरा गट पालकांचा. त्यांना अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा काढावा लागतो. ११ जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. शिवाय अर्ज दाखल करण्यासाठी वेळ मिळण्यातच उन्हाळ्याच्या तोंडावर अनेक आठवडे जातात. जानेवारीत हालचाल सुरू करणारे कुटुंबच मेमध्ये निवांत निघू शकते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचाही नियम आहे. जेथे सर्वाधिक दिवस राहणार किंवा जे प्रवासाचे मुख्य कारण आहे, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असतील, तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. मुलगी जर्मनीत असली, तरी बारापैकी आठ दिवस स्वित्झर्लंडमध्ये घालवायचे असतील, तर प्रश्न उपस्थित होऊ शकतो. मुलीने पाठविलेले निमंत्रणपत्र, तिच्या प्रवेशाचा दाखला आणि निवास परवान्याची प्रत उपयोगी पडते. तथापि, विद्यार्थ्याचे उत्पन्न पाहुण्यांचा भार उचलण्याइतके नसते. त्यामुळे खर्चाचा पुरावा पालकांनाच आपल्या बँक खात्यातून व प्राप्तिकर विवरणपत्रांतून द्यावा लागतो.

तिसरा गट अन्य देशांत शिकणाऱ्या मित्रांचा. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा शेंगेनमध्ये चालत नाही. त्या मित्राला स्वतंत्र शेंगेन व्हिसा काढूनच यावे लागते. अमेरिकेत शिकणाऱ्यालाही तो लागतोच. शिवाय अमेरिकेत परतताना पासपोर्टवरील व्हिसा वैध असणे आणि प्रवेशपत्रावर विद्यापीठाची प्रवासासाठीची स्वाक्षरी असणे, या दोन गोष्टी त्याने निघण्यापूर्वीच पाहून घ्यायला हव्यात.

हा फरक आता विमानतळावर स्पष्ट दिसतो. शेंगेनच्या बाह्य सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी यंत्रणा १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत पालकांसारख्या अल्पकालीन पाहुण्यांचे छायाचित्र घेतले जाते. निवास परवानाधारक विद्यार्थी या नोंदणीतून वगळलेला आहे. या यंत्रणेमुळे मुदतीपेक्षा एक दिवस अधिक राहिल्याचीही नोंद आपोआप होते. पूर्वी पासपोर्टवरील शिक्के मोजताना होणारी नजरचूक आता गृहीत धरता येणार नाही.

सीमेबाहेरचे एक पाऊल

खरा धोका असतो तो शेंगेनबाहेर टाकलेल्या एका पावलात. पालकांचा व्हिसा एकल प्रवेशाचा असेल, तर एकदा बाहेर पडल्यावर त्याच व्हिसावर पुन्हा आत येता येत नाही. समजा, त्यांनी ब्रिटनचाही व्हिसा काढला आहे आणि जर्मनीतून चार दिवस लंडनला जाऊन परत यायचे ठरविले आहे. परतीच्या विमानात त्यांना बसूच दिले जाणार नाही, कारण लंडनला जाताना शेंगेनचा प्रवेश संपलेला असतो. सामान मुलीच्या खोलीत, भारताचे परतीचे तिकीट फ्रँकफर्टहून आणि प्रवासी लंडनमध्ये, अशी अवस्था होते. व्हिसा हाती पडताच त्यावरील प्रवेशांची संख्या आणि दिवसांची संख्या, या दोन ओळी सर्वप्रथम वाचाव्यात.

हा धोका कधी कधी नकाशावर दिसतही नाही. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिटहून दुब्रोवनिककडे जाताना बोस्नियाचा, नेउम गावाचा चिंचोळा पट्टा मध्ये येतो. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. जुन्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये बसलेला प्रवासी नकळत शेंगेनबाहेर पडतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्याने हा पट्टा टाळून जाता येते. मात्र आपली बस कोणत्या मार्गाने जाते, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारलेले बरे.

विद्यार्थ्याच्या बाबतीत धोका निवास परवान्याच्या मुदतीचा असतो. अनेक शहरांतील परदेशी नागरिक कार्यालयांत नूतनीकरणाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. मधल्या काळासाठी एक तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येता येतेच असे नाही. आपल्या प्रमाणपत्रावर पुन्हा प्रवेश मिळेल का, हे कार्यालयाकडून विचारून घेतल्याखेरीज भारताचे तिकीट काढू नये. त्याचप्रमाणे, सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास आणि त्यासाठी पूर्वपरवानगी घेतलेली नसल्यास निवास परवाना संपुष्टात येतो. घरच्या आजारपणामुळे वा प्रबंधाच्या कामासाठी भारतात लांबलेला मुक्काम या नियमात अडकू शकतो.

शेंगेनमधील अंतर्गत सीमांवर कोणी विचारत नाही, ही समजूतही आता जुनी झाली आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. रेल्वेतही पोलिस कागदपत्रे पाहतात. मोबाइलमधील छायाचित्र अशा वेळी पुरेसे ठरत नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड जवळ असायलाच हवे.

रेल्वे एक, पास दोन

कागदपत्रांतील हा फरक रेल्वेच्या तिकिटापर्यंत पोहोचतो. युरोपभर चालणाऱ्या रेल्वे पासची दोन नावे आहेत. युरोपबाहेरून आलेल्यांसाठी युरेल, तर युरोपात वास्तव्य असणाऱ्यांसाठी इंटररेल. येथे राष्ट्रीयत्व नव्हे, वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे पालक युरेल घेतील आणि मुलगी इंटररेल. इंटररेलमध्ये आणखी एक अट आहे. आपण राहतो त्या देशात तो पास फक्त एकदा बाहेर जाण्यासाठी आणि एकदा परतण्यासाठी वापरता येतो. म्हणजे आई-बाबा पासवर जर्मनीभर फिरतील, मुलीला मात्र तेथे वेगळे तिकीट काढावे लागेल. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशाला दोन्ही पासांत सवलत मिळते. फ्रान्समधील अतिजलद गाड्या, युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. साडेतीन हजार मीटरच्या जवळपास उंचीवर असलेल्या युंगफ्राउयोखपर्यंतची डोंगरी रेल्वे पासमध्ये येत नाही, तेथे केवळ सवलत मिळते.

जर्मनीअंतर्गत प्रवासासाठी विद्यार्थ्याकडे बहुधा अधिक स्वस्त साधन असते. देशभरातील प्रादेशिक गाड्या व शहरी वाहतूक यांत चालणारे 'डॉइचलँड टिकिट' १ मे २०२३ रोजी महिन्याला ४९ युरो दराने सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ते सुमारे साठ टक्के किमतीत मिळते. आयसीई, आयसी या दूर पल्ल्याच्या गाड्यांत मात्र ते चालत नाही. पालकांनाही हे तिकीट घेता येते, पण ते मासिक वर्गणीच्या स्वरूपात असते. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ते रद्द केले नाही, तर पुढील महिन्याचे पैसेही कापले जातात. भारतात परतलेल्या पालकांच्या खात्यातून युरो जात राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पाच जणांच्या गटासाठी राज्यनिहाय दिवसाचे तिकीट उपयुक्त ठरते. बव्हेरियाच्या अशा तिकिटावर पाच जणांपर्यंत एकत्र फिरता येते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून लागू होते आणि ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपर्यंत चालते. म्युनिकहून सकाळी निघून मोझार्टचे हे जन्मगाव पाहून रात्री परतणे, हा दोन देशांचा प्रवास एकाच साध्या तिकिटात होतो.

विमा आणि पाकीट

विद्यार्थ्याने सहलीवर किती खर्च करावा, याला एक वास्तव मर्यादा आहे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बंदिस्त खात्यात ठेवावी लागणारी रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११ हजार ९०४ युरो ठरविण्यात आली. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. घरभाडे, आरोग्य विमा, जेवण हे सारे त्यातच भागवायचे असते. नाताळात मित्रांनी आखलेल्या सहलीला नकार देणारा विद्यार्थी माणूसघाणा नसतो, त्याने महिन्याचा हिशेब केलेला असतो.

विम्याबाबत एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. सार्वजनिक विमा घेतलेल्या विद्यार्थ्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेले असते आणि बहुतेक संघ-देशांत ते चालते. परंतु युरोपीय संघाबाहेरील नागरिकाला ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंड येथे उपचारांसाठी वापरता येत नाही. जर्मन वर्गमित्राला स्वित्झर्लंडमध्ये जे संरक्षण मिळते, ते भारतीय विद्यार्थ्याला मिळत नाही. आल्प्समध्ये भटकंतीला जाण्यापूर्वी वेगळा प्रवास विमा काढणे म्हणूनच आवश्यक आहे. पालकांनीही आपल्या विम्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार धरलेले आहेत का, हे वाचून घ्यावे. मोबाइलच्या बाबतीतही स्वित्झर्लंड वेगळे आहे. संघ-देशांत जून २०१७ पासून रोमिंगचे अतिरिक्त शुल्क रद्द झाले, स्वित्झर्लंड त्यात समाविष्ट नाही.

हापूस घरीच ठेवा

मे महिन्यात निघालेल्या पालकांच्या बॅगेत काय असणार, हे सांगायला नको. पण भारतातून युरोपीय संघात दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे आणि बर्फी त्यात आलीच. डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांना व पालेभाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राची अट आहे. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच पाच फळे तीतून वगळली आहेत. आंबा त्यात नाही, कढीपत्ताही नाही. मसाले, भाजणी आणि चिवड्याने बॅग भरावी, हे उत्तम. पोहोचण्याचा दिवस रविवार असेल, तर जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आधी कागद, मग नकाशा

या सर्व नियमांचा मथितार्थ एवढाच, की सहलीची आखणी आपण नेहमी करतो त्याच्या उलट क्रमाने करायला हवी. आधी मुलाच्या परीक्षांच्या आणि कामाच्या तारखा विचाराव्यात. मग प्रत्येक प्रवाशाचा परवाना वा व्हिसा, त्याची मुदत आणि प्रवेशांची संख्या एका कागदावर मांडावी. त्यात जो सर्वात कमी हक्काचा प्रवासी असेल, त्याच्या मर्यादेत सर्वांचा मार्ग बसवावा. स्थळांची यादी त्यानंतर. नियम पाळून केलेल्या प्रवासाचे फळही मिळते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी केलेल्या बदलानुसार, तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरणाऱ्यास दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. मुलीचा पदवीदान समारंभ पाहायला पुन्हा यायचे असेल, तर पहिली भेट बिनचूक होणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

आणि प्रत्येक सहल दूरची असायला हवी असेही नाही. जर्मनीच्या पश्चिम टोकाला आखेन शहर आहे. तेथून सिटी बसने नेदरलँड्समधील फाल्सला जाता येते आणि जवळच्याच टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स व बेल्जियम या तीन देशांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. ट्रियर शहरातून प्रादेशिक गाडीने मोझेल नदीकाठच्या पेर्ल गावी उतरावे आणि पूल ओलांडून चालत पलीकडे जावे. पलीकडचे गाव म्हणजेच शेंगेन. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक मोफत आहे, त्यामुळे पुढचा प्रवासही खिशाला जड जात नाही. परीक्षेच्या दोन पेपरांमधील मोकळ्या शनिवारी मुलीला आई-बाबांसोबत एवढे सहज जमू शकते.